मागचा आवाज

"वळू नका, कोच. मागे वळून बघायचं नाही."

लोरेन कुबाकीला हे वाक्य कुणी ऐकवावं, अशी सदुसष्ट वर्षांत ही पहिलीच वेळ. वाक्य तिचं स्वतःचं होतं. मिलवॉकीतल्या एका कॉलेजच्या मैदानावर एकतीस वर्षं तिनं ते घसा बसेपर्यंत पोरींना ऐकवलं होतं, आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कधीकधी झोपेतही बडबडत असे, असं तिची बहीण म्हणायची. आता ती चाकाच्या खुर्चीत बसली होती. अंगात नाड्यांचा झगा, मांडीवर पांढरं ब्लँकेट, पायांत घसरू नयेत म्हणून दिलेले पिवळे मोजे. दारासमोरच्या बर्फावर पाय घसरला, खुबा मोडला, परवा तिथं नवा सांधा बसवला आणि डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे कमरेतून वळायचं नाही, वळलात तर सांधा जागेवरून निसटेल. एक्स-रेला न्यायला कुणीतरी आलं होतं, नर्सनं आधार देऊन तिला खुर्चीत बसवलं होतं, आणि लोरेन त्या कुणीतरीचं तोंड बघायला वळणार एवढ्यात मागून हे. दवाखान्यात तिला कुणी कोच म्हणत नव्हतं. चेहरे ती हल्ली विसरते, पण आवाज विसरत नाही. मैदानावर आयुष्य गेलेल्या माणसाचे कान शेवटपर्यंत जागे असतात. "ओळखलंत का?" मागचा आवाज हसला. "व्हर्नीटा," लोरेन म्हणाली. "व्हर्नीटा ऑगल्स्बी. तिसरी." "बघा! अजून नंबर लक्षात आहे बाईंच्या!"

तिसरी म्हणजे रिलेतली तिसरी. चौघी मिळून शंभर-शंभर मीटर पळायच्या, हातातली दांडी पुढचीला देत, तिसरीच्या वाट्याला मैदानाचं शेवटचं वळण यायचं. या शर्यतीत दांडी घेणारीनं मागे बघायचं नसतं. मागची जवळ आली की पुढचीनं आपलं सरळ पळत सुटायचं, आणि मागून "घे!" अशी आरोळी आली की हात मागे करायचा, तळवा वर. दांडी हातात येणारच, या भरवशावर. वळून बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात शर्यत जाते. लोरेननं त्यासाठी नियमच केला होता, जी वळून बघेल तिच्यापायी चौघींना एक फेरी जास्त. पहिल्या आठवड्यात सगळ्याच वळून बघत, फेऱ्या मारून मारून रडकुंडीला येत, एकमेकींना शिव्या घालत. व्हर्नीटानं मात्र कधी वळून बघितलं नाही. एकदाही नाही. लोरेनला एकदम तो दिवस आठवला आणि तो आठवू नये म्हणून तिनं ब्लँकेटची घडी सारखी करायला घेतली.

"ग्लेन्डा, नीट बघून घे हं," व्हर्नीटानं जाता जाता टेबलामागच्या नर्सला हाक मारली, "या माझ्या कोच. चार वर्षं यांनी मला पळवलंय. आज माझी पाळी." "सावकाश ने गं बाई, नाहीतर माझी नोकरी जाईल," ग्लेन्डा म्हणाली. "मग चांगल्या होत्या का वाईट?" "वाईट! पहाटे पाचला बर्फ झाडायला लावायच्या." दोघी हसल्या. लोरेनही हसली. मग व्हर्नीटा खुर्ची थांबवून, जरा आवाज उतरवून म्हणाली, "पण एक सांगू? माझ्या आयुष्यात माझ्याशी खरं बोललेलं एकच माणूस, ते म्हणजे या. बाकी सगळ्यांनी मला झुलवलं. यांनी तोंडावर सांगितलं, व्हर्नीटा, नर्सिंग तुला झेपणार नाही. त्या वेळी रडले. पण वाचले." ग्लेन्डानं लोरेनकडे आदरानं बघितलं. लोरेनच्या कानशिलांत रक्त चढलं, आणि आपलं तोंड आता कसं दिसत असेल या विचारानं ते आणखी चढलं. खुर्ची पुढे निघाली ते एका अर्थी बरंच झालं.

लांबच लांब रिकामी मार्गिका. चाकांचा बारीक आवाज, आणि व्हर्नीटाच्या बुटांचा. पावलं अजून तशीच पडत होती, टाच न टेकवता. "चौदा वर्षं झाली मला इथं," ती मागून सांगत होती. "पेशंट उचलायचे, न्यायचे, आणायचे. दिवसाला सात-आठ मैल होतात, कोच. वजन वाढत नाही ते त्यानंच." एवढं हसून सांगितलेलं वाक्य, पण लोरेनला ते खुब्यापेक्षा जास्त दुखलं. त्या मुलीला नर्स व्हायचं होतं. तिला निवडायला लोरेन जेव्हा तिच्या घरी गेली होती, तेव्हा घर म्हणजे शहराच्या उत्तरेला एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या होत्या. आई, मिसेस ऑगल्स्बी, एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. तिनं पीच भरून भाजलेला गरम, गोड पाय केला होता, वर आइस्क्रीम घालून दोनदा आग्रहानं वाढला. स्कॉलरशिप किती, राहायचं कुठं, असलं तिनं काही विचारलं नाही. हात पुसत समोर बसली आणि एकच विचारलं, "माझी पोर नर्स होईल ना? मी त्यांच्या चादरी धुते. माझ्या पोरीनं त्या चादरीवरच्या माणसाला बघावं, एवढंच मला हवंय." लोरेन तोंडात घास असताना म्हणाली होती, "आपल्या मुलीसारखं बघेन मी तिला." हे वाक्य ती दर घरी म्हणायची. खोटं नव्हतं ते. म्हणताना तर कधीच खोटं नसायचं.

आणि बघितलंही होतं तिनं आपल्या मुलीसारखंच. पोरींच्या मार्कांवर नजर, जेवतात का, रडतात का, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाला कोण छळतंय. नाताळला घरी जायला जागा नसलेल्या पोरी तिच्याच घरी जेवायच्या. कॉलेजनं तिला उत्तम मार्गदर्शक म्हणून लाकडी सन्मानपाटी दिली होती, ती अजून दिवाणखान्यात टांगलेली आहे. या सगळ्यात एका गोष्टीला जागा नव्हती. इतकी वर्षं तिला जागा मिळाली नव्हती, पण म्हणून ती कुठं गेलीही नव्हती, एवढंच. दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये नर्सिंगच्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला. म्हणाल्या, तुमची ऑगल्स्बी अर्ज करतेय, मुलगी चांगली आहे, केमिस्ट्रीत बी प्लस आहे, मी जागा धरून ठेवते. फक्त प्रयोगशाळा मंगळवारी आणि गुरुवारी, दोन ते पाच. लोरेनचा सराव तीनला असायचा. मंगळवार आणि गुरुवार म्हणजे दांडी देण्या-घेण्याचे दिवस, त्याला चौघी लागतात, तिघींनी होत नाही. त्या वर्षी तिची चौकडी जमली होती. अशी चौकडी दहा वर्षांत एकदा जमते. फोन ठेवला तेव्हा लोरेननं काहीच ठरवलेलं नव्हतं, असं ती पुढे स्वतःला सांगत आली. दुपारी व्हर्नीटा दारात उभी राहिली, केस ओले, हातात अर्जाचा कागद, आणि लोरेनच्या तोंडून शब्द कसे लोण्यासारखे निघाले. "मी बोलले त्यांच्याशी. बस. हे बघ, मी तुला झुलवणार नाही. त्या म्हणाल्या, मार्क ठीक आहेत, पण हिला पुढचं झेपणार नाही. अर्ज केलास तर नाकारतील, आणि ते तुझ्या कागदावर कायमचं राहील." मुलगी रडली. मग उठून लोरेनच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, थँक यू कोच, तुम्ही तरी खरं सांगितलंत. ओल्या केसांनी लोरेनचा खांदा भिजला होता. मे महिन्यात त्या चौघी विभागीय स्पर्धेत चौथ्या आल्या. चौथ्याला पदकही नसतं.

एक्स-रेच्या खोलीबाहेर रांग होती. व्हर्नीटानं खुर्ची भिंतीला लावली, चाकं अडकवली आणि पुढे येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. आता लोरेनला तिचं तोंड दिसलं. कपाळाला दोन आठ्या, कानावर पांढरे चार केस. तेच मोठे, भरवसा ठेवणारे डोळे, आता पेशंटचा पाय खुर्चीच्या पट्टीवर नीट आहे ना ते बघणारे. "तिशीत एकदा परत डोक्यात आलं होतं हो नर्सिंगचं," तिनं मोजा सारखा करत म्हटलं. "इथंच, इस्पितळात काम करणाऱ्यांना त्या कोर्सची निम्मी फी. फॉर्म आणला. मग म्हटलं, तोंडघशी कशाला पडायचं? कॉलेजातल्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. फॉर्म ठेवून दिला." लोरेन म्हणाली, "व्हर्नीटा." व्हर्नीटानं वर बघितलं. लोरेनच्या घशाशी सगळं आलं होतं, अगदी ओठांपर्यंत, आणि तिनं काय म्हणावं? ती म्हणाली, "पाणी मिळेल का थोडं?" माणसाचं मन मोठं लबाड. पाणी प्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ सुटका. कागदी पेला रिकामा होईपर्यंत ती पाणी प्यायली, आणि तेवढ्यात आतून हाक आली.

आत टेबल थंडगार होतं. तंत्रज्ञ पोरगा म्हणाला, श्वास रोखा, हलू नका. लोरेननं श्वास रोखला आणि तो दिवस, जो मघाशी तिनं ब्लँकेटखाली दडपला होता, तो वर आला. साधा सरावाचा दिवस. दुसरीच्या पोटरीत गोळा आला आणि ती वळणाच्या आधीच बसली. व्हर्नीटा पुढे पळत सुटली होती, तिला काय माहीत. लोरेनला तेव्हा काय सुचलं कोण जाणे, गंमत म्हणा, परीक्षा म्हणा, ती स्वतःच ओरडली, "घे!" आणि व्हर्नीटाचा हात मागे गेला. तळवा वर, बोटं पसरलेली. मागे कुणीच नव्हतं. पूर्ण वळणभर ती तशीच पळाली, रिकामा हात मागे धरून, एकदाही न वळता. सगळ्या हसत होत्या. लोरेननं सगळ्यांना गोळा केलं होतं आणि सांगितलं होतं, "याला म्हणतात भरवसा. बघा आणि शिका." हे मार्चच्या आधीचं की नंतरचं? लोरेनला खूप आठवूनही ते आठवेना. आधीचं असलं तर तिला माहीत होतं, ही मुलगी ऐकेल. नंतरचं असलं तर... "सोडा श्वास," पोरगा म्हणाला.

परतीच्या वाटेवर व्हर्नीटानं खुर्चीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "कोच, एक काम होतं. म्हणजे देवानंच तुम्हाला पाडलंय असं वाटतंय मला, राग मानू नका." तिची मुलगी कॅमिल. सतरा वर्षांची, अडथळ्यांची शर्यत पळते. आयोवाच्या एका कॉलेजचा कोच रविवारी घरी येऊन गेला होता. स्वयंपाकघरात बसला, पीचचा पाय दोनदा मागून खाल्ला, म्हणाला, आपल्या मुलीसारखं बघू. बुधवारी त्या कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या कागदावर सही. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडणार, कॉलेजची टोपी घालणार, फोटो काढणार. "पण ही पोरगी अडून बसलीय. म्हणते, नर्सिंग असेल तरच. तो कोच बिचारा समजावतोय, पहिली दोन वर्षं हलके विषय घे, नर्सिंगचं मग बघू. मी म्हणते, बाई, कोच सांगतायत तर ऐक. त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. तर म्हणते, मला केमिस्ट्रीत ए आहे. म्हटलं, कागदावरचे मार्क काय चाटायचेत? मलाही बी प्लस होता. माझ्या कोचनी खरं सांगितलं म्हणून निभावलं." खुर्ची लिफ्टसमोर थांबली. "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल. लहानपणापासून तुमच्याच गोष्टी सांगितल्यात मी तिला."

लोरेनला लाज वाटली. शरम, संकोच, असल्या मऊ शब्दांत बसणारी नव्हे. झगा मागून उघडा आहे आणि सगळं इस्पितळ बघतंय, तशी. तिला वाटलं होतं, आपण एका मुलीचं एका वाक्यानं नुकसान केलं, वाईट झालं, पण झालं ते झालं. ते वाक्य मेलंच नव्हतं. पंचवीस वर्षं ते त्या घरात नांदलं होतं, तिशीत त्यानं फॉर्म कपाटात ठेवायला लावला होता, आणि आता ते दुसऱ्या मुलीच्या ताटात वाढलं जात होतं, तेही आईच्या हातानं. आयोवाच्या त्या कोचला लोरेन ओळखत नव्हती आणि नखशिखांत ओळखत होती. 'मग बघू' म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? व्हर्नीटानं फोन लावला. "आता मधली सुट्टी असेल तिची." आणि मागून हात पुढे आला, फोन लोरेनच्या हातात ठेवून गेला. आवाज मोठा केलेला होता. पलीकडे शाळेचा गलबला, आणि एक कोवळा, जरासा लाजरा आवाज. "हॅलो? खरंच तुम्ही? आई म्हणते तुम्ही कधीच खोटं बोलत नाही."

"कॅमिल," लोरेन म्हणाली. तिनं फोन तोंडाजवळ धरला. "नीट ऐक. मी तुझ्या आईशी खोटं बोलले होते. नर्सिंगच्या बाई नाही म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, मुलगी चांगली आहे, जागा धरून ठेवते. प्रयोगशाळा माझ्या सरावाच्या वेळेला होती. मला ती पळायला हवी होती, म्हणून मी खोटं सांगितलं. तिला झेपलं असतं. ऐकतेयस ना? सगळं झेपलं असतं तिला." फोनमध्ये गलबला तसाच चालू होता, कुणीतरी कुणाला तरी खिदळत हाक मारत होतं. मग मुलगी हळूच म्हणाली, "आई? आई, तू आहेस का तिथं?" लिफ्टचं दार उघडलं. कुणी आत गेलं नाही, ते पुन्हा मिटलं. मागून हात आला आणि त्यानं फोन काढून घेतला. "आहे मी. संध्याकाळी बोलू. जेवून घे," व्हर्नीटा म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

लिफ्ट परत आली. त्या आत गेल्या, तोंड भिंतीकडे. लोरेनला वळून बघायचं होतं. तिनं खुर्चीचा दांडा धरून थोडा जोर केलाही, आणि मांडीत कळ अशी उठली की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यापुरतं तरी ते पाणी खुब्याचं होतं. "वळू नका," मागून आवाज आला. सवयीचा, कामावरचा. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बुटांचा आवाज आता टाचेसकट येत होता. मग व्हर्नीटा म्हणाली, "मी गेले होते त्या बाईंकडे."

"कधी?"

"त्याच आठवड्यात. दारावर पाटी होती त्यांच्या नावाची. ठोठावायला हातही वर केला. म्हटलं, स्वतःच विचारावं, का झेपणार नाही." चाकं चालत होती. "मग वाटलं, विचारणं म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही असं होईल. वळून बघितल्यासारखं. परत आले."

मला माफ कर, हे शब्द लोरेनपाशी होते, पण ते पंचवीस वर्षांपुढे असे काही किरकोळ दिसले की ते बाहेर काढायचीच तिला लाज वाटली. तिनं उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून मागे नेला. तळवा वर. का नेला, तिलाच कळलं नाही. व्हर्नीटानं धरावा म्हणून, की चापट मारावी म्हणून. पूर्ण मार्गिका संपेपर्यंत तो तसाच राहिला, मग खांदा भरून आला आणि तिनं तो ब्लँकेटखाली घेतला.

"त्या आयोवावाल्याला काय विचारायचं असतं?" व्हर्नीटानं विचारलं. तिच्या आवाजात आता कुठं चीड होती, आणि चीड आली म्हणून लोरेनला हायसं वाटलं.

"प्रयोगशाळा दुपारी असली तर सरावाचं काय करता, ते विचार. गेल्या पाच वर्षांत त्याच्या किती मुली नर्स झाल्या, त्यांची नावं माग. आणि तो जे सांगेल ते लेखी घे. लेखी दिल्याशिवाय सही करू देऊ नकोस. आणि व्हर्नीटा, तो फॉर्म..."

"फॉर्मचं तुम्ही बोलू नका," व्हर्नीटा म्हणाली.

टेबलापाशी ग्लेन्डा हसत उभी राहिली. "आलात? मग, किती फेऱ्या मारल्या?" व्हर्नीटानं तिच्यापुढं कागद ठेवला. "चारशे बाराच्या पेशंट. एक्स-रे झाला. वळायला देऊ नकोस." ग्लेन्डानं एकीकडून दुसरीकडे बघितलं. "अगं, तुझ्या कोच ना या?" "होत्या," व्हर्नीटा म्हणाली आणि खुर्ची खोलीत घेतली.

तिनं सगळं रीतसर केलं. चाकं अडकवली, हलवून खात्री केली. ग्लेन्डाच्या मदतीनं लोरेनला पलंगावर घेताना तिचा हात लोरेनच्या पाठीखाली इतका बेताचा, इतका जाणता होता की लोरेनला डोळे मिटून घ्यावे लागले. दोन मांड्यांत उशी ठेवली, ब्लँकेट पायांवर नीट ओढलं, उघडा राहिलेला झगा खांद्यावर सारखा केला. ग्लेन्डा निघून गेली. मग व्हर्नीटानं लोरेनचा ब्लँकेटखालचा उजवा हात बाहेर काढला, उलटा केला, आणि त्यात बोलावण्याची घंटी ठेवून एकेक बोट मिटवलं.

"लागलं तर दाबा," ती म्हणाली. "कुणीतरी येईल."